पक्ष्यांच्या पानांवर जीबीआयएफचे रिझल्ट थेट एम्बेड करावेत का?

माळटिटवी:
आमच्या पक्षीमित्र मंडळाची साइट नव्याने करतोय. प्रत्येक पक्ष्याच्या पानावर जीबीआयएफच्या, म्हणजे जगभरच्या जीवजातींच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या खुल्या डेटाबेसमधल्या, नोंदी थेट दाखवाव्यात (एम्बेड कराव्यात) असं काही जण म्हणतायत, माझा ठाम विरोध आहे. रानपिंगळ्याचंच बघा. म्युझियममधल्या एका नमुन्यावर १९१४, मांडवी, गुजरात अशी चिठ्ठी होती, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने लावलेली. १९९९ मध्ये पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी सिद्ध केलं की तो पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात मिळवलेला, माइनर्ट्झहागनने तो चोरून खोटी चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीपायी शोधणारे भलतीकडे फिरले, आणि कित्येक वर्षं न दिसलेला रानपिंगळा परत दिसला तो १९९७ ला, महाराष्ट्रात शहाद्याजवळ. असली नोंद आपल्या पानावर नुसती तारीख आणि गाव अशी एक ओळ होऊन आली तर वाचणारा ती खरीच धरणार ना?

कोडवाला:
अजिबात पटलं नाही. मूळ ठिकाणी दुरुस्ती झाली की एम्बेडमध्ये आपोआप दिसते, तुम्ही कॉपी करून ठेवलेल्या एक्सेलमध्ये चूक वर्षानुवर्षं तशीच राहते, कोण बसणार रोज तपासत? जीबीआयएफच्या सर्च एपीआयला (प्रोग्राममधून नोंदी मागवायची सोय) पासवर्डसारखी 'की' लागत नाही, एका वेळी ३०० पर्यंत नोंदी येतात, नोंद म्युझियममधल्या नमुन्याची की कुणी डोळ्यांनी पाहिल्याची तेही प्रत्येक नोंदीत असतं. फिल्टर लावा आणि दाखवा.

तापीकाठ:
पण थेट म्हणजे ताजं नाही हो. ईबर्डचा, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या साइटचा, डेटा जीबीआयएफमध्ये वर्षातून एकदा जातो. काल आपल्या पोरांनी तलावावर जे पाहिलं ते त्या पानावर येणारच नाही, आणि नवीन माणूस समजणार की इथे यंदा काही आलंच नाही.

माळटिटवी:
आणि नकाशाचं काय? आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर (तिथल्या नोंदीही जीबीआयएफमध्ये जातात) धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम अंदाजे वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेही हलवून दाखवतात, ते बरोबरच आहे, पण आपल्या नकाशावर ठिपका पडतो कुणाच्या तरी उसाच्या शेतात आणि लोक कॅमेरे घेऊन तिथे पोचतात.

कोडवाला:
ठिपका काढू नका ना मग, जागा किती अनिश्चित आहे त्याचा आकडा अनेक नोंदींसोबत येतो, तेवढं वर्तुळ काढा. आकडा नसेल तर ती नोंद नकाशावर घ्यायचीच नाही.

सुगरण:
दोघांनी लायसन्स विसरलं. काही डेटा सीसी-बाय-एनसी आहे, म्हणजे नाव द्यायचं आणि धंद्यासाठी वापरायचा नाही. ज्यांनी उन्हातान्हात फिरून नोंदी केल्या त्यांच्या डेटासेटचं नाव रिझल्टच्या खालीच दिसलं पाहिजे, मेनूत कुठेतरी लपवून चालणार नाही. आणि त्यांचा सर्व्हर बंद असेल तेव्हा आपलं पान कोरं दिसतं, म्हणून रात्री एकदा नोंदींची प्रत आपल्याकडे साठवून (कॅश करून) ठेवा.

माळटिटवी:
कॅश आणि नावाचं मान्य. साळुंकी, बुलबुलाच्या पानावर खुशाल एम्बेड करा. रानपिंगळ्याच्या आणि माळढोकाच्या पानावर मात्र जाणत्या माणसाने तपासून लिहिलेलंच राहू दे, तिथे मी मागे हटणार नाही.

कोडवाला:
उलट मला त्याच दोन पानांवर हवंय. तपासून लिहिलेलं वर, नोंदी खाली, आणि खोटी ठरलेली नोंद खोटी म्हणूनच दिसू दे.