विषय: सांगलीत टीव्ही कार्ड चालेना, कसोटी तोंडावर

८ जानेवारी २००८
प्रेषक: खजिनदार, मुक्काम सांगली

मंडळी, नमस्कार.

हा मेल वर्गणीचा नाही, घाबरू नका. घरगुती अडचण आहे.

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. महिनाभर जिना बंद. ते माडीवर आणि टीव्ही खाली सोप्यात. दुसरा टीव्ही घ्यायला ते तयार नाहीत ("महिन्याभरासाठी कशाला?"). माडीवर माझा जुना एक्सपीवाला कॉम्प्युटर आहे, म्हणून मी अमेरिकेतून येतानाच टीव्ही ट्यूनर कार्ड (कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं) घेऊन आलो. खालच्या केबलला स्प्लिटर लावला, एक तार गॅलरीतून वर घेतली, कार्ड बसवलं. इथपर्यंत मी मोठा इंजिनियर होतो.

खालच्या टीव्हीवर सत्तरेक चॅनेल दिसतात. कार्डाला सापडले सात. चित्र आधी वेडंवाकडं, काळंपांढरं. सॉफ्टवेअरमध्ये टीव्ही सिग्नलची पद्धत एनटीएससी होती, ती काढून पाल निवडली तेव्हा स्थिर झालं, रंगही आला. पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. ड्रायव्हर दोनदा काढून टाकला. १६ तारखेला ऑस्ट्रेलियाविरुद्धची पर्थची कसोटी सुरू होतेय, आणि सिडनीला आपण हरल्यापासून अण्णा आधीच पेटलेले आहेत. कुणी सांगेल का?

८ जानेवारी
प्रेषक: मिरजकर काका

अरे, ड्रायव्हर सोड. कार्डच अमेरिकन आहे.

इथली, म्हणजे अमेरिकेतली एनटीएससी ५२५ ओळींची, सेकंदाला साधारण ३० चित्रं. तिथली, भारतातली पाल ६२५ ओळींची, २५ चित्रं. एवढा फरक कार्डावरची चिप सांभाळून घेते, ती दोन्ही भाषा जाणते. म्हणून तुला चित्र दिसलं. घोडं अडलं आवाजापाशी. अमेरिकेत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्‌झवर असते, भारतात ५.५ वर. कार्डावर जो पत्र्याचा चौकोनी डबा आहे ना, तो ट्यूनर. तो ४.५ वर कान लावून बसलाय. तिथे कुणी बोलतच नाही, म्हणून खरखर. ते वायरिंगमध्येच आहे, सॉफ्टवेअरमध्ये कितीही बटणं दाबलीस तरी बदलणार नाही.

चॅनेल सात का, तेही त्यातच आलं. इथे चॅनेल ६-६ मेगाहर्ट्‌झवर मांडलेले, तिथे खालच्या पट्ट्यात ७-७ वर आणि वरच्या पट्ट्यात ८-८ वर. मिरजेचं वेळापत्रक हातात घेऊन तू दादरला गाडी शोधतोयस. सात भेटले हेच नशीब.

गावातून तिथलं कार्ड घे. गंमत म्हणजे तुझा एखादा भाऊ जर्मनीत असता आणि त्याने आणलं असतं, तर ते चाललं असतं. तिकडेही भारतासारखीच पाल, आवाज ५.५ वरच.

९ जानेवारी
प्रेषक: सातारकर वहिनी

काकांना अनुमोदन. एक पुस्ती जोडते. नवीन कार्ड आणल्यावर स्कॅन करण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये देश भारत निवडा, म्हणजे ९१. पुष्कळ सॉफ्टवेअर तिथूनच फ्रीक्वेन्सीचं कोष्टक उचलतात. आणि "अँटेना" नाही, "केबल" निवडा. नाहीतर मधले पट्टे तो शोधतच नाही आणि तुम्ही केबलवाल्याच्या नावाने शंख कराल.

येताना साताऱ्यावरूनच जाल ना? कंदी पेढे. बाकी काही म्हणत नाही.

११ जानेवारी
प्रेषक: खजिनदार

गावातल्या दुकानातून तेराशेला कार्ड आणलं. देश ९१, केबल, स्कॅन. चौसष्ट चॅनेल! आवाज खणखणीत. दोन मिनिटं घरात माझी वट होती.

मग तीन गोष्टी लक्षात आल्या. एक, निम्म्या चॅनेलवर मुंग्या. दोन, सगळ्याच चॅनेलवर एक काळपट आडवा पट्टा खालून वर सरकत जातो, अगदी सावकाश. तीन, केबलची पिन लावताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या. अण्णा म्हणतात, "तिकडच्या कार्डाला निदान शॉक तरी नव्हता." त्या कार्डाला पिन लावताना मी चप्पल घातली होती, हे त्यांना सांगितलं नाही.

शिवाय रोजचं लोडशेडिंग. कॉम्प्युटरला यूपीएस आहे, पण खांबावरच्या केबलच्या ॲम्प्लिफायरला यूपीएस कुठला? लाइट गेली की स्क्रीन चालू, चॅनेल गायब.

११ जानेवारी
प्रेषक: मिरजकर काका

आधी मुंग्या. कुठल्या चॅनेलवर? रिमोटचा नंबर सांगू नकोस, तो केबलवाला ठरवतो. सॉफ्टवेअरमध्ये मेगाहर्ट्‌झ दिसतील, ते सांग.

झिणझिण्यांचं आत्ताच बघ, नंतर नाही. केबल कार्डातून पूर्ण काढ. मग टेस्टर एकदा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लाव, एकदा केबलच्या सालीखालच्या तारेच्या जाळीला लाव. कुठे पेटतो ते कळव. आणि चप्पल घालूनच.

१२ जानेवारी
प्रेषक: खजिनदार

दोनशेच्या आसपासचे आणि त्याखालचे मुंग्यांनी भरलेत. चारशेच्या वरचे स्वच्छ. मला वाटलं होतं उलटं असेल. टेस्टर कॅबिनेटला पेटतो, केबलला नाही.

१२ जानेवारी
प्रेषक: मिरजकर काका

शाब्बास, दोन्ही सापडले.

तार लांब असली, जुनी असली, आत पाणी गेलं, तर वरच्या फ्रीक्वेन्सी आधी मरतात. तुझ्या खालच्या मेल्यात, म्हणजे आतली तांब्याची तार कुठेतरी तुटलीय. तुटलेल्या दोन टोकांमधली फट छोट्या कंडेन्सरसारखी वागते. वरच्या लहरी तिच्यावरून उडी मारतात, खालच्या अलीकडेच राहतात. स्प्लिटरपासून कार्डापर्यंतचा एकेक जॉइंट उघड.

आता शॉक. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल, दोन्हींपासून पत्र्याला बारके कंडेन्सर जोडलेले असतात. अर्थिंग असलं तर त्यांतला करंट गुपचूप जमिनीत जातो. नसलं तर पत्रा अधांतरी राहतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. केबल लावलीस की तोच करंट जाळीतून वाट काढतो आणि चित्रावर पट्टा उमटतो. लाइट ५० हर्ट्‌झची, पालची फील्ड, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रंही सेकंदाला ५०, म्हणून पट्टा पळत नाही, सरकतो.

तुझ्या माडीवरच्या सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्यामागे तार नाही. पैज लावतो. कुणी "अर्थची पिन मोडून टाका, पट्टा जाईल" असं सांगायला आला तर त्याला चहा पाज आणि घालव.

१४ जानेवारी
प्रेषक: खजिनदार

काका, पैज जिंकलात.

वायरमनने माडीवरचं सॉकेट उघडलं, अर्थच्या स्क्रूला काहीच नव्हतं. २००५ च्या पुरात सोप्यात पाणी आलं होतं, तेव्हा खालचं वायरिंग नवं झालं. माडी कोरडी राहिली, म्हणून वरचं जुनंच राहिलं. त्याने खालून हिरवी तार वर घेतली, मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि आईला बजावलं, उन्हाळ्यात तुळशीबरोबर यालाही घालत जा. झिणझिण्या बंद. पट्टा बंद.

मुंग्यांची गोष्ट जास्त लाजिरवाणी. गॅलरीच्या कठड्यापाशी तार कमी पडली म्हणून मीच जॉइंट मारला होता, वरून काळी टेप. टेप सोडली तर जाळी नीट पिळलेली, आणि आतली तांब्याची तार पांढऱ्या फोमच्या कडेलाच तुटलेली. चाकूने साल काढताना मीच तिला खाच पाडली असणार, कठड्यावर वाकवली तेव्हा ती गेली. दोन्ही टोकं केसभर अंतरावर समोरासमोर. टेप होती म्हणून एका रेषेत राहिली, बाहेरून काही कळायला मार्ग नाही. तीन दिवस मी केबलवाल्या पोराला फोनवर बोलत होतो. त्याची माफी मागून त्याच्याकडूनच अखंड तार ओढून घेतली. तिळगूळ दिला, तो गोड बोलला.

१९ जानेवारी
प्रेषक: खजिनदार

पर्थ जिंकलं! ७२ धावांनी!! अण्णांनी चारही दिवस माडीवरून पाहिलं.

एक शेवटचा प्रश्न. खाली सोप्यात आई आणि शेजारचे बघत होते. विकेटची आरोळी खालून आधी यायची, आणि अण्णांच्या स्क्रीनवर बोलर तेव्हा कुठे धावायला लागलेला असायचा. शेवटी अण्णांनी दार लावून घेतलं. हे कशामुळे?

१९ जानेवारी
प्रेषक: सातारकर वहिनी

टाइमशिफ्ट चालू आहे. सॉफ्टवेअर आधी डिस्कवर लिहितं, मग दाखवतं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, ॲडलेडच्या आधी. पेढ्यांचं काय झालं?