‘इम्बाइब’ म्हणजे पिणं की अंगी बाणवणं?

प्रश्न: ‘टीचर्स इम्बाइब व्हॅल्यूज इन स्टुडंट्स’ हे वाक्य बरोबर आहे का? शब्दकोशात अर्थ ‘पिणे’ दिलाय.

– चूक आहे. इम्बाइब करणारा नेहमी घेणारा असतो. मुलं शिक्षकांकडून मूल्यं इम्बाइब करतात. शिक्षक ती ‘इन्स्टिल’ करतात, म्हणजे मुलांच्या मनात रुजवतात. आपल्याकडे ‘बाणणे’वरून ‘बाणवणे’ होतं, म्हणून घोळ होतो. ‘इम्बाइब’ला तसं प्रयोजक (दुसऱ्याकडून करवण्याचं) रूपच नाही.

– मूळ लॅटिन ‘बिबेरे’, म्हणजे पिणे. पिण्याच्या अर्थी बहुधा मद्यच, तेही औपचारिक किंवा मिश्किल सुरात. रोजच्या बोलण्यात ‘ड्रिंक’च वापरा.

– वनस्पतिशास्त्रात मात्र पाणी! कोरडं बी पाणी शोषून फुगतं, ते ‘इम्बिबिशन’. ही भौतिक क्रिया असल्याने मेलेलं बीही फुगतं. फुगलं म्हणजे रुजणारच, असं धरू नका.