मदत हवी आहे: जुन्या थ्रीडीएसवरचे विकत घेतलेले गेम दुसऱ्या थ्रीडीएसवर कसे न्यायचे?

माझ्या निन्टेन्डो थ्रीडीएस एक्सएलची (हातात धरून खेळायचं, दोन स्क्रीनचं घडीचं गेम मशीन) बिजागरी तडकली आहे. झाकण जरा हललं की वरचा स्क्रीन काळा पडतो, बोटाने एका कोनात धरून ठेवला तरच दिसतो. त्यामुळे तसाच दुसरा सेकंडहँड एक्सएल घेतला. दोन्ही एकाच रिजनचे, म्हणजे जगातल्या एकाच भागासाठी बनवलेले आहेत.

ई-शॉप या निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातली थ्रीडीएसची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबली, ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये. घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड होतात, पण ही सोय कायम राहणार नाही. हे गेम आता विकतही मिळणार नाहीत, म्हणून जीव खालीवर होतोय.

एसडी कार्ड कॉपी करून नव्यात घालून पाहिलं. गेम दिसत नाहीत, कारण डेटा मूळ मशीनलाच बांधलेला असतो. आता उरला सिस्टिम ट्रान्सफर, म्हणजे एका मशीनवरचं सगळं दुसऱ्यावर हलवायची निन्टेन्डोची स्वतःची सोय. राउटर थ्रीडीएसला चालणाऱ्या वाय-फाय सेटिंगवर (२.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२) ठेवलाय, दोन्ही मशीन नेटला जोडली जातात. हॅक करायचं नाही.

अडचण एकच: नव्या मशीनवर आधीच्या मालकाचा नेटवर्क आयडी (निन्टेन्डोचं ऑनलाइन खातं) आहे आणि त्याच्याशी आता संपर्क होत नाही. फॉरमॅट केल्यावर तो आयडी पासवर्डशिवाय निघतो का, आणि अलीकडे कुणी असा ट्रान्सफर यशस्वीपणे केलाय का?