आईचं वजन उतरलंय, पण पोट तसंच आहे. बॉडी कंपोझिशन (अंगात चरबी किती, स्नायू किती) कसं तपासावं?

नमस्कार. मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितेय.

आई ६६ वर्षांची, उंची १५२ सेंमी, भाऊ-वहिनीजवळ साताऱ्याला असते. मधुमेह जुना, गोळ्या चालू, उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय. वर्षभरात तिचं वजन ६१ वरून ५५ किलोवर आलं. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काकू, बारीक झालात, छान दिसताय." बीएमआयही (उंचीच्या मानाने वजन) २६.४ वरून २३.८ झालाय, म्हणजे कागदावर सगळी सुधारणाच.

मला मात्र ही सुधारणा वाटत नाही. गेल्या वर्षीच्या तपासणीत कंबर ९३ सेंमी लिहिलीय, आता मोजली तर ९२. म्हणजे सहा किलो गेले ते पोटाचे नाहीतच. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबतात, हुक मात्र पूर्वीइतकेच ओढून लावावे लागतात. कुकरचं झाकण लावायला वहिनीला हाक मारते. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा देते, आणि हे गुडघ्याचं नाही, गुडघा उत्तम आहे. तिला वाटतं वय झालं.

एका आरोग्य शिबिरात हातात दांड्या धरायच्या मशीनवर चरबी ४१ टक्के आली. त्याच आठवड्यात घरच्या वजनकाट्यावर ३४. शिबिरवाल्यांनी रिपोर्टसोबत पावडरीच्या डब्याची किंमतही सांगितली, ती घेतली नाही. यातला कुठला आकडा धरायचा? डेक्सा स्कॅन (हाडं, चरबी, स्नायू मोजणारा एक्स-रेचा प्रकार) करावा का, आणि गुडघ्यात धातू असताना चालतो का? आणि वहिनीला घरच्या घरी लक्ष ठेवता येईल असं काही आहे का? डॉक्टरांना "वजन कमी झालं" म्हटलं की ते "चांगलंय" म्हणतात, म्हणून हातात काहीतरी ठोस घेऊन जायचंय.

प्रतिसाद :
ताई, तुमची शंका रास्त आहे, गेलेलं वजन चरबीचं नसून स्नायूंचं असू शकतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असे पेशंट बघते.

आधी महत्त्वाचं. डाएट न करता मधुमेही माणसाचं वजन दहा टक्के उतरलं, तर ते का उतरलं हे शोधायलाच हवं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), थायरॉइड, जेवण किती जातंय, सगळं. साखर बरीच वाढलेली राहिली तर शरीर स्नायूही मोडून खातं. स्कॅनसाठी हे थांबवू नका.

ती दोन्ही मशीन्स चरबी मोजत नाहीत. अंगातून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतात, त्याला किती अडथळा होतो ते बघतात आणि वय, उंची, लिंग धरून सूत्राने अंदाज काढतात. स्नायूत पाणी भरपूर, त्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. त्यामुळे पाणी कमी प्यायलं, नुकतं जेवण झालं, पायाला सूज आली, की आकडा हलतो. घरच्या काट्यावर प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, दंड-छातीचा त्याला फारसा पत्ता नसतो. म्हणून दोन मशीन्सची तुलना करूच नका. एकच काटा, सकाळी उठल्यावर, पोट रिकामं, महिन्यातून एकदा, आणि कल कुठे जातोय तेवढंच बघा. पेसमेकर असेल तर मात्र ही मशीन्स वापरायची नाहीत.

डेक्सा जास्त भरवशाचा. किरण छातीच्या एक्स-रेपेक्षा कमी. फक्त 'होल बॉडी, बॉडी कंपोझिशन' असं स्पष्ट सांगा, नाहीतर खुबा-मणक्याच्या हाडांची घनता काढून परत पाठवतात. धातूमुळे उजव्या पायाचा आकडा बिघडतो, आधी सांगून ठेवा आणि हात व डावा पाय बघा.

घरी टेप पुरेशी आहे. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर. आपल्याकडे बायकांना ८० सेंमीच्या वर धोका धरतात. पोटरी सर्वांत जाड जागी, ३३ च्या खाली असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची. आणि हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तीच शंका. शेजारी कुणीतरी उभं राहा.

प्रतिसाद :
पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. डॉक्टरांनी बीएमआय दाखवला की कंबरेचा आकडाही पुढे ठेवा.

धागाकर्ती :
मनापासून आभार. वहिनीने मोजलं. डावी पोटरी ३१. पाच उठाबशांना १६ सेकंद, तिसऱ्या वेळी हात सुटून खुर्चीच्या दांडीकडे गेलाच. जुन्या फायलीत तीन महिन्यांची साखर ९.४ सापडली, त्यानंतर तपासणीच नाही. रक्त उद्या देतोय, रिपोर्ट आले की हे सगळं एका कागदावर लिहून फिजिशियनकडे नेणार. सातारा किंवा पुण्यात पूर्ण शरीराचा डेक्सा कुणी करून घेतला असेल तर ठिकाण आणि खर्च कळवा. आणि गुडघा बदललेल्यांनी पायाचे व्यायाम कुठल्या क्रमाने सुरू करायचे, हेही सांगा.