व्हायोलिन: लांब स्वर धरताना गज मध्यावर थरथरतो, हात सैल कसा ठेवायचा?

रेवा_व्ही: बसून, हिंदुस्तानी पद्धतीने वाजवते. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एका गजात ८ मात्रांचा षड्ज धरला की गज बरोबर मध्यावर थरथरतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, उजवा खांदा वर चढतो. हात सैल सोडला तर आवाज पातळ होतो. नेमकं काय सैल सोडायचं आणि काय नाही?

मंद्रषड्ज: हाताआधी गज बघा. काठी आणि केस यांच्यात मध्यावर पेन्सिलच्या जाडीइतकं, म्हणजे ७-८ मिमी, अंतर पुरे. स्क्रू जास्त आवळला की काठी ताठ होते आणि गज तारेवर उड्या मारतो. मध्याच्या आसपास तो मुळातच जास्त उसळतो, ताठ हात त्यात भर घालतो. राळही तपासा. ती कमी पडली की केस घसरतात आणि वाजवणारा नकळत दाबायला लागतो.

गजकर: अंगठा सरळ होऊन खालून रेटतोय आणि तर्जनी वरून दाबतेय, दुखण्याचं कारण हे. या चिमट्याने मनगट आखडतं, मग कोपर, मग खांदा. सैल सोडायचा तो हा चिमटा. अंगठ्याचा सांधा बाहेर वाकलेला, टोक फ्रॉगच्या, म्हणजे गजाच्या धरायच्या बाजूच्या ठोकळ्याच्या कडेला, मधल्या बोटासमोर. तर्जनी नुसती टेकलेली. करंगळी मात्र सैल सोडायची नाही, ती गोल वाकवून काठीवर उभी ठेवा.

एक तपासणी करा. गज मध्यावर तारेवर टेकवा, वाजवू नका, अंगठा क्षणभर काढून घ्या. हाताचं वजन तारेवर तसंच राहिलं पाहिजे. खांदा उचलला गेला तर हात तुम्ही हवेत तोलून धरला होतात. हे जमल्यावर फक्त मधल्या १५ सेंमीत ४ मात्रा ओढा, ४ ढकला. पूर्ण गजाची घाई नको.

आता पातळ आवाज. केसांची वापरातली लांबी साधारण ६० सेंमी धरली तर ८ सेकंदांत वेग पडतो सेकंदाला ७.५ सेंमी. इतक्या हळू गजाला घोडीकडची, म्हणजे तारा ज्या उभ्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्याच्या जवळची, जागा लागते. बसून वाजवताना व्हायोलिनचा उतार पायाकडे असतो, त्यामुळे सैल हाताचा गज आपोआप डाव्या हाताची बोटं पडतात त्या पट्टीकडे घसरतो. तिथे हलका ठेवला तर आवाज पातळ, दाबला तर घुसमटलेला. हात सैल राहू द्या, जागा सांभाळा.

कोमलगंधार: अंगठ्याबद्दल सहमत, पण मी कोपरापासून सुरुवात करेन. फ्रॉगपासून मध्यापर्यंत मुख्यतः दंड हलतो, मध्यापासून टोकापर्यंत कोपर उघडतं. हा बदल मध्यावरच होतो. खांदा धरून ठेवला की तो झटक्याने होतो, आणि तोच झटका तुम्हाला थरथर म्हणून ऐकू येतो. दोन्ही अर्धे आधी वेगळे वाजवा. मग मध्याच्या ५-६ सेंमी अलीकडून पलीकडे, अगदी हळू. कोपर तारेप्रमाणे वर-खाली झालं पाहिजे: खर्जाच्या तारेला उंच, वरच्या तारेला खाली. एकाच उंचीवर ठेवून मनगट वळवलं तर मनगट थकतं. वरच्या तारेवर मांडी आड येत असेल तर बैठक बदला, हात आखडू नका.

रेवा_व्ही: चिमटा सोडल्यावर मध्यावरची थरथर बरीच कमी झाली. पण टोकाशी आवाज पडतो.

गजकर: तो पडणारच. व्हायोलिनचा गज सुमारे ६० ग्रॅमचा, तोल काठीच्या फ्रॉगकडच्या टोकापासून साधारण २५ सेंमीवर. त्यामुळे आडवा धरल्यावर टोकाशी त्याच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा तारेवर येतो. बाकीचं हातानेच द्यायचं. मध्य ओलांडला की कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापुढचा हात हळूहळू आत वळवा. वजन तर्जनीवर येईल, करंगळी हलकी होईल. अंगठा आवळायचा नाही. परत ढकलत आणताना तेच उलट, आणि फ्रॉगजवळ येईपर्यंत करंगळीने भार घेतलेला असला पाहिजे. ती ताठ झाली तर तिथेही गज थरथरेल.