सोळाच संघांची रणजी? एका नागपूरकराचे उत्तर आणि त्यावरील चर्चा

जामठ्याचा प्रेक्षक :

परवा 'ओव्हल मैदान' यांनी येथे लिहिले की रणजी करंडकातील अडतीस संघ ही निव्वळ खोगीरभरती आहे, स्पर्धा त्यांनी यादी देऊन सुचवलेल्या सोळा संघांपुरती ठेवावी आणि उरलेल्यांनी आपापसांत खुशाल खेळावे, मात्र त्या खेळाला प्रथम श्रेणीचा दर्जा, म्हणजे अधिकृत विक्रमांत गणना, देऊ नये. दाखला म्हणून त्यांनी नोव्हेंबर २०२४ मधला गोव्यातील पर्वरीचा सामना पुढे केला. गोव्याने अरुणाचल प्रदेशाला ८४ धावांत गुंडाळले, स्नेहल कवठणकर (नाबाद ३१४) आणि कश्यप बखले (नाबाद ३००) यांनी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी रचली आणि गोव्याने तो सामना एक डाव व ५५१ धावांनी जिंकला. आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मला दोन दिवस स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे उत्तर लिहितो.

हाच निकष १९९० च्या आसपास लावला असता, तर कात्री सर्वप्रथम आमच्या विदर्भावर चालली असती. मध्य विभागात आमच्याशी खेळणे म्हणजे हक्काचे गुण, असेच बाकीचे संघ समजत. मी त्या काळात यवतमाळ जिल्ह्याकडून खेळत होतो. निवड चाचणीसाठी मध्यरात्रीनंतरची एसटी पकडायची, पहाटे नागपूरच्या स्थानकावर उतरून नळावर तोंड धुवायचे आणि किट बॅग खांद्यावर टाकून मैदान गाठायचे, असा आमचा क्रम असे. आमच्याकडे सराव काथ्याच्या मॅटिंगवर चालायचा आणि तिच्या कडा खिळ्यांनी जमिनीत ठोकलेल्या असत. तिच्यावर आखूड टप्प्याचा चेंडू छातीपर्यंत उसळतो, त्यामुळे मागच्या पायावर जाण्याची सवय हाडीमाशी मुरलेली होती. नागपूरला टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, तोच चेंडू घोट्याएवढाच उठला आणि मी तिसऱ्या चेंडूवर पायचीत झालो. पुन्हा संधी मिळाली नाही. माझ्यासारखे कितीतरी जण असेच परत गेले. दोष त्यांच्या मनगटात नव्हता, खेळपट्टीत होता.

पुढे नागपुरात निवासी अकादमी उभी राहिली, प्रशांत वैद्य आणि सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारख्या माणसांनी जिल्ह्याजिल्ह्यांतली मुले हेरली आणि २०१७-१८ च्या हंगामात इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने करंडक उचलला. त्याआधीची साठेक वर्षे आम्ही मार खाल्ला, पण प्रथम श्रेणीच्या मैदानावर उभे राहून खाल्ला. ती जागाच काढून घेतली असती, तर अकादमीत मुले घडवायची तरी कशासाठी?

ओव्हल मैदान :

आपली एसटीची हकिकत वाचून वाईट वाटले, परंतु ती माझ्या मुद्द्याचे उत्तर होत नाही. विदर्भाचा उदय केवळ संयमाने झाला, हे मला मान्य नाही. त्या संघात मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकाचा गणेश सतीश होता आणि प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच. २०१८-१९ मध्ये आपण करंडक राखला, तेव्हा एकट्या जाफरच्या १०३७ धावा होत्या. २०२३-२४ मध्ये करुण नायर आणि ध्रुव शौरी आले. ज्या संघटनेकडे कसोटी भरवणारे स्वतःचे मैदान आहे आणि बाहेरच्या खेळाडूंना बोलावण्याची ऐपत आहे, तिने स्वतःला दुबळ्यांचा प्रतिनिधी म्हणवून घेणे योग्य नव्हे. अरुणाचलाला हे कधी साधणार आहे?

जामठ्याचा प्रेक्षक :

हा 'विकत घेतलेल्या करंडका'चा आरोप गेली आठ वर्षे ऐकून माझे कान किटले आहेत, त्यामुळे थोडे कठोर लिहितो. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर ६८ धावांत ७ बळी घेऊन कर्नाटकाला पाच धावांनी हरवणारा आणि अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक करणारा रजनीश गुरबाणी आमचा होता. कर्णधार फैज फजल आमचा होता आणि अंतिम सामन्यातला शतकवीर अक्षय वाडकरही आमचाच होता. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला, यश राठोडने ९६० धावा केल्या आणि अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ आणि ७३ धावा काढल्या. त्याच मोसमात उपांत्य फेरीत मुंबईच्या रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना एकाच षटकात माघारी धाडणारा पार्थ रेखडे आम्ही कोणत्या बाजारातून आणला, हे आपणच सांगावे. ज्या सामन्यात मुंबई ८० धावांनी हरली, त्याची आठवण आपण सोयीस्करपणे टाळली आहे.

फोंडेकर :

पर्वरीच्या सामन्याचा दाखला दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वापरला जात आहे, म्हणून एक गोवेकर या नात्याने लिहितो. कवठणकर आणि बखले हे दोघे वर्षानुवर्षे गोव्यासाठी राबलेले खेळाडू आहेत. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खेळीचा उल्लेख केवळ प्रतिस्पर्धी किती दुबळा होता हे सांगण्यापुरता व्हावा, याचे मला दुःख होते. त्या हंगामात गोव्याने प्लेट गट, म्हणजे खालच्या पातळीवरील संघांचा गट, जिंकला आणि वर जाण्याचा हक्क मैदानावर मिळवला.

मात्र बाहेरच्या खेळाडूंच्या बाबतीत मी 'जामठ्याचा प्रेक्षक' यांच्या विरोधात आहे. नियमानुसार तीन पाहुणे घेता येतात, म्हणजे अकरांपैकी तीन जागा स्थानिक मुलांसाठी पहिल्या दिवसापासूनच बंद होतात. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे आला आणि पदार्पणातच त्याने शतक केले, त्याबद्दल त्याचे कौतुकच आहे. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालने गोव्याकडे येण्यासाठी मुंबईकडून परवानगी मागितली आणि महिनाभरात विचार बदलला. ते काही आठवडे आमच्याकडे कर्णधार कोण होणार, याचीच चर्चा रंगली होती. माझा भाचा सत्तरी तालुक्यातला डावखुरा फिरकीपटू आहे. एका मोसमात तो राखीव म्हणून संघासोबत फिरला, पाण्याच्या बाटल्या वाहिल्या आणि अखेर नोकरी धरली. मोठ्या शहरातून जागा न मिळाल्याने आलेला खेळाडू छोट्या संघटनेत जागा अडवतो आणि तेथे जागा न मिळालेला मुलगा खेळच सोडतो, कारण त्याला आणखी खाली जायला संघ उरलेला नसतो.

कोल्हापूरकर :

छोटा संघ आणि मोठा संघ ही विभागणीच मला चुकीची वाटते आणि तिचे उत्तम उदाहरण आमचा महाराष्ट्र आहे. पुण्यासारखे शहर, गहुंज्याचे मैदान, नाशिकपासून सोलापूरपर्यंतचे जिल्हे, हे सारे हाताशी असूनही आम्ही करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, त्यानंतर आजतागायत नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तिन्ही वेळी अंतिम फेरीत हरलो. त्यांपैकी २०१३-१४ मध्ये तर केदार जाधवने हंगामात १२२३ धावा केल्या होत्या. आता आम्हीही गुरबाणी, पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना यांना आणून पाहिले. तेव्हा पैसा नाही म्हणून संघ मागे राहतो, हे गृहीतक तपासून पाहावे लागेल.

माझ्या मुलाने सोळा वर्षांखालील आंतरजिल्हा स्पर्धेत सलग दोन शतके केली. संभाव्य खेळाडूंची यादी लागली, तेव्हा तिच्यात त्याचे नाव नव्हते. चौकशी केल्यावर सांगण्यात आले की त्या दोन्ही सामन्यांना निवड समितीचा एकही सदस्य उपस्थित नव्हता. आमचे दुखणे हे आहे. बारा वर्षांच्या मुलाचा खेळ पाहायला कोणी जिल्ह्याच्या मैदानावर येणार नसेल, तर सोळा संघ ठेवा की अडतीस, आम्हाला फरक पडत नाही.

ओव्हल मैदान :

'कोल्हापूरकर' यांनी माझेच म्हणणे मांडले आहे, असे मी मानतो. मुंबईच्या ४२ विजेतेपदांमागे तिजोरी नाही. मी विरारला वाढलो. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या काळात पहाटेच्या पहिल्या लोकलने चर्चगेटला यायचो. किट बॅग दारात ठेवली की माणसे शिव्या घालत, म्हणून ती उभी धरून दीड तास एका पायावर काढायचो. आझाद मैदानावर एका सामन्याचा मिड-ऑन आणि शेजारच्या सामन्याचा थर्ड मॅन पाठीला पाठ लावून उभे असतात. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात चिखलातल्या खेळपट्टीवर वीस धावा काढणारा फलंदाज कुठेही टिकतो. ही घनता हुकूम काढून निर्माण होत नाही. आणि ती ज्या प्रदेशात नाही, तेथील संघाला प्रथम श्रेणी म्हटल्याने विक्रमांची पुस्तके तेवढी बिघडतात.

धावफलक :

मुंबईच्या यशामागे तिजोरी नाही, हे विधान जुन्या काळापुरते मान्य करता येईल. आज भारतीय क्रिकेट मंडळाकडून मिळणारे मानधन सर्व संघांना सारखेच आहे : चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये, मग तो मुंबईचा असो वा मिझोरामचा. परंतु मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या संघटनेने आपल्या रणजी खेळाडूंना तेवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून वर देण्याचा निर्णय घेतला. खेळाडूंसाठी तो चांगलाच आहे, पण त्याच दिवशी समानता संपली, हेही तितकेच खरे आहे.

आता सोळा संघांविषयी. जानेवारी २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रोहित शर्मा, जैस्वाल, रहाणे, श्रेयस आणि शार्दुल असलेल्या मुंबईला जम्मू-काश्मीरने पहिल्या डावात १२० धावांत बाद केले आणि सामना पाच गडी राखून जिंकला. त्याच मैदानावर लगेचच्या सामन्यात शार्दुलने हॅट्‌ट्रिक केली, मेघालयाची अवस्था ६ बाद २ झाली आणि मुंबई एक डाव व ४५६ धावांनी जिंकली. आपण परवा सुचवलेल्या यादीतून हे दोन्ही पाहुणे संघ बाहेर जातात. ज्या संघाने भारताच्या तेव्हाच्या कर्णधाराला घरच्या मैदानावर हरवले, त्याला आपण कोणत्या तोंडाने बाहेर काढणार आहात?

ओव्हल मैदान :

जम्मू-काश्मीरच्या बाबतीत माझी चूक झाली, हे मान्य करतो. ती यादी मी मागील विजेतेपदांवरून केली होती आणि ती पद्धत सदोष आहे. मेघालयाबाबत मात्र मी मागे हटणार नाही. २ धावांत ६ गडी गमावणाऱ्या मुलांवर आपण उपकार केले की अन्याय केला, याचा विचार कोणी करत नाही.

फोंडेकर :

त्यासाठीच प्लेट गट आहे. मेघालय त्या हंगामात खालून वर आले होते, सोसले नाही, त्यात लाजिरवाणे काय? बत्तीस संघ वर आणि सहा खाली ही विभागणी मात्र मलाही पटत नाही. वरच्या गटातील तळाच्या दहा संघांनी खालच्या सहांशी नियमित खेळावे, म्हणजे दोघांनाही तुल्यबळ सामने मिळतील. आणि तेथे पाहुण्यांची संख्या तीनवरून एकावर आणावी, ही माझी मागणी कायम आहे.

जामठ्याचा प्रेक्षक :

पाहुण्यांच्या प्रश्नावर मी एक गोष्ट कबूल करतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. आदित्य सरवटे आमचा, विदर्भाच्या दोन्ही पहिल्या विजेतेपदांचा भागीदार. २०२४-२५ मध्ये तो केरळकडे गेला आणि अंतिम सामना नेमका आमच्या नागपूरच्या मैदानावर, जामठ्यालाच आला. मी तिसऱ्या दिवशी सकाळी बाकावर बसलो होतो. सरवटे आमच्याच गोलंदाजांना पुढचा पाय टाकून खेळत होता. ७९ धावांवर बाद होऊन परतला, तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि मग खाली बसून डोळे पुसले. केरळला त्याची गरज होती आणि तो तेथे उपयोगी पडला. परंतु केरळच्या एखाद्या डावखुऱ्या फिरकीपटूची जागा त्याने घेतली असणार, हे 'फोंडेकर' यांच्या भाच्याविषयी वाचल्यावर प्रथमच मनात आले. तीनाऐवजी एक पाहुणा, याला माझा विरोध नाही. मात्र त्या एकाने अर्धा मोसम तेथील मुलांच्या नेटमध्ये घालवलाच पाहिजे, अशी अट हवी.

'ओव्हल मैदान' यांना एकच विचारतो. मेघालयाचा संघ वांद्र्याला येऊन हरला. तोच सामना शिलाँगला का होऊ नये? मी अकरा वर्षांचा असताना भारताकडून खेळलेला एक मोठा फलंदाज नागपुरात आमच्या संघाविरुद्ध खेळायला आला होता. आम्ही अर्थातच हरलो. पण मी साईट स्क्रीनच्या बाजूला मातीत बसून तो गार्ड कसा घेतो, प्रत्येक चेंडूनंतर खेळपट्टीवरचा खडा बॅटच्या टोकाने कसा ठोकतो, हे दिवसभर पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून यवतमाळच्या मॅटिंगवर, जेथे ठोकायला खडाच नव्हता, तेथे आम्ही सगळी मुले तसेच करू लागलो.

ओव्हल मैदान :

मुंबईने शिलाँगला जाऊन खेळावे, यास माझी हरकत नाही. उलट ते आधीच व्हायला हवे होते. प्रथम श्रेणीच्या दर्जाविषयीचे माझे मत तेच आहे.