दृष्ट काढण्याचे ऑनलाइन वर्ग? आजीला यात ओढू नका

कृष्णाकाठची (सांगली)
काल ग्रुपवर आलेली ती पोस्ट वाचून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते. पोस्टचा सारांश असा: ‘किचन विचक्राफ्ट’ म्हणजे आपल्याच आज्यांची विद्या. तमालपत्रावर इच्छा लिहून जाळा, आमटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ढवळा, पैसा हवा तर दालचिनी वापरा, आणि दृष्ट काढणंही यातलंच. खाली वर्गाची फी.

हा प्रकार बाहेरचा आहे. ब्रिटनमध्ये जादूटोण्याचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं आणि जादूटोण्यालाच धर्म मानणारा विका पंथ उघडपणे वाढला. स्वयंपाकघरातली ही जादू त्याच गोतावळ्यातली. रोजचा स्वयंपाक हीच साधना आणि शेगडी हीच वेदी असं ती माणसं मानतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी, माझा त्यांच्याशी वाद नाही.

पण माझी आजी दृष्ट काढायची ती विद्या म्हणून नव्हे. दवाखाना मिरजेला, एसटी दिवसातून दोनदा, आणि पोर रात्रभर किरकिरतंय. मग मुठीत मीठ-मोहरी, देठासकट वाळक्या मिरच्या, डोक्यापासून पायापर्यंत उतरवायचं आणि थेट चुलीत. ती धास्ती होती. तिची खरी विद्या वेगळीच होती. मसाल्यात संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती, भरणीत हिंगाचे खडे कुठे ठेवायचे, हळकुंड मोडल्यावर आतला रंग कसा दिसला पाहिजे, हे तिला डोळे मिटून कळायचं. त्याचा वर्ग कुणी काढला नाही.

तव्यावरची (कराड)
ताई, फी घेणाऱ्यावरचा राग तुम्ही आमच्यावर काढताय. मी हे करते. सासूबाई गेल्या त्यानंतर स्वयंपाकघरात पाऊल ठेववत नव्हतं. रोज आमटी ढवळताना घरातल्या एकेकाचं नाव घ्यायला लागले, तेव्हा कुठे हात चालायला लागला. त्याला कुणी इंग्रजी नाव दिलं तर तुमचं काय गेलं? आणि नागपंचमीला शिराळ्यात कुणी तवा ठेवत नाही, चिरत नाही, पुरणाची दिंडं उकडतात. तीही धास्तीच का?

विवेकवाट (सातारा)
नाव घेऊन आमटी ढवळा, कुणी अडवत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा अडवत नाही. ज्या धार्मिक विधीनं शारीरिक किंवा आर्थिक इजा होत नाही त्याला तो लागू नाही. हा कायदा व्हावा म्हणून आमच्या साताऱ्याचे दाभोलकर अठरा वर्षं झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला. म्हणून हा विषय गमतीचा करू नये असं मला वाटतं.

स्वयंपाकघरातल्या जिनसांनीच माणसं फसतात. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घाला, पाणी लालभडक होतं. कुंकू पूर्वी असंच करायचे. हेच पाणी भोंदू ‘करणीचं रक्त’ म्हणून दाखवतो. आमच्या चुलतभावाची कावीळ एकानं अशीच ‘उतरवली’. हाताला आधीच आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं. घरचे खूश, दवाखाना लांबला. भाऊ वाचला, पण महिनाभर खाटेवर होता.

मिरच्यांचंही तेच. ठसका उठला नाही की दृष्ट होती म्हणतात. मोठ्या जाळात पडल्या तर भडकन पेटतात, ठसका कमी उठतो. निखाऱ्यावर धुमसल्या तर घरभर खोकला. यात दृष्टीचा संबंध कुठे आला?

माणदेशी माणूस (दहिवडी)
समदं खरं, पण चूलच ऱ्हायली न्हाई त्याचं काय? ग्यासवर कसली दृष्ट काढता? भाकरीची चव गेली, पिठलं गेलं, पोरं पाव खात्यात. आधी घराघरात चूल पेटवा, मग बोला.

धुराची लेक (वाई)
काका, चुलीवर एवढा जीव असेल तर फुंकणी घेऊन स्वतः बसा. माझ्या आईनं तीस वर्षं ओल्या लाकडाचा धूर खाल्ला. आता दोन जिने चढली की धाप लागते. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, विडी ओढता का? तिनं आयुष्यात विडीला हात लावला नाही.

माणदेशी माणूस
मी चवीचं बोललो, तुमच्या आईचं न्हाई. हायवेला ‘चुलीवरचं जेवण’ पाटी बघून तुमचीच शहरातली माणसं रांगा लावत्यात.

धुराची लेक
आणि त्या चुलीपुढं कोण बसतं ते बघितलंय का? आमच्या गावातल्या दोघी जातात. मे महिन्यात, पत्र्याखाली, रोजंदारीवर. गिऱ्हाईक भाकरी थापतानाचा व्हिडिओ काढतं, नाव विचारत नाही. मालक पंख्याखाली गल्ल्यावर. चुलीची एवढी कौतुकं करणाऱ्या पुरुषांपैकी एकाला तरी मी राख काढताना बघितलेलं नाही.

तव्यावरची
विषय कुठे चाललाय? पण वाईच्या ताई बोलल्या ते मला पटतंय. पोस्टमध्ये शेगडीला वेदी म्हटलंय, त्या वेदीपुढं रोज कोण उभं राहतं याबद्दल एक ओळ नाही.

माणदेशी माणूस
बरं बाई, ऱ्हायलं. आमच्या घरात ग्यासच हाय. मंडळींनी दहा वर्षांमागं चूल मोडली, मला न इचारता.

धुराची लेक
बरं केलं त्यांनी.

कृष्णाकाठची
तव्यावरची, शिराळ्याचं तुम्ही विचारलंत. नागपंचमीला तवा न ठेवणं हा सगळ्या गावानं मिळून पाळलेला नेम आहे, तो मीही पाळते. त्यातून कुणी पैसा येईल म्हणून सांगत नाही, चुकलं तर वाटोळं होईल म्हणून फीही मागत नाही. सासूबाईंच्या आठवणीनं तुम्ही नावं घेता तेही त्यातलंच धरते. पण त्या पोस्टमधली पुढची ओळ वाचा: ‘मुलाला वारंवार ताप येत असेल तर सात दिवस मीठ उतरवा.’ सात दिवस! डेंग्यूच्या दिवसांत! माझं भांडण या ओळीशी आहे.

तव्यावरची
ती ओळ मी वाचली नव्हती. ती चूकच आहे, मी तिथे जाऊन तसं लिहिते. पण दृष्ट मी काढणार, नातवाला दवाखान्यातून घरी आणल्यावर. त्यावर आता कुणी शहाणपण शिकवू नका.

विवेकवाट
दवाखान्यातून आणल्यावर ना? मग माझी हरकत नाही. त्या ओळीचा स्क्रीनशॉट मात्र मला पाठवा, वर्ग घेणाऱ्यांना जाब विचारायचा आहे.